तिसरा रकाना

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोपवला. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे एआयबद्दल आणि मुलांच्या करिअरबद्दल बोलेन, असा ग्रुपवर अनेकांचा अंदाज होता. ते प्रश्न जेवताना विचारा, जमतील तशी उत्तरं देईन. इथे मला वेगळ्या विषयावर बोलायचं आहे.

चार वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. तुमच्यापैकी निम्म्या जणांना हे माहीत आहे, बाकीच्यांना आत्ता कळतंय. शस्त्रक्रिया झाली, कीमोचे सगळे डोस झाले, रेडिएशन झालं. आता रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि उरलेला वेळ नोकरी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. तेव्हा चेहरे पाडून बसू नका. मागच्या बाकांवर जे नेहमी हसायचे, त्यांनी आजही हसायला हरकत नाही.

आजाराच्या काळाबद्दल पुष्कळ बोललं जातं. उपचार संपल्यानंतरच्या काळाबद्दल फार कमी. शेवटचं रेडिएशन झालं की घरात पेढे येतात. तोवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी रक्त तपासत असतं, कुणीतरी चौकशी करत असतं. मग एकदम सहा महिन्यांनंतरची तारीख हातात पडते. अंगात त्राण नसतं. झोप लागत नाही. बोटांना मुंग्या येतात, मध्येच अंगाची लाही लाही होते, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. आणि मनात एकच धास्ती, हे पुन्हा तर होणार नाही ना? आता मी स्वतः काय करू म्हणजे ते परत येणार नाही?

नेमक्या या वेळी घरात बाटल्या येऊ लागतात.

त्या प्रेमाने येतात, हे आधीच सांगते. पुण्याच्या आतेबहिणीने व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. परदेशातल्या दिरांनी व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. शेजारच्या काकूंनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने केस लवकर यावेत म्हणून बायोटिन आणलं. कुणी गव्हांकुराची पावडर, कुणी नोनीचा रस, कुणी डब्यावर ‘इम्युनिटी’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं काहीतरी. आईने सगळं एका कापडी पिशवीत जमा केलं. मोजलं तेव्हा सतरा नग निघाले.

माझ्यासारखीला समोर सतरा गोष्टी दिसल्या की तक्ता करावासा वाटतो. एकही झाकण उघडण्याआधी मी एक एक्सेल शीट केली. रकाने असे: नाव, आत काय आहे, मात्रा किती, कुणी दिलं, कशासाठी दिलं, सध्याच्या औषधांशी जमतं का. आणि त्यात एक रकाना असा घातला: हे माझ्या शरीरात कमी आहे, असं कुठल्या तपासणीत दिसलं?

हा रकाना मला शाळेने शिकवला. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढायचात. पहिल्या रकान्यात जीवनसत्त्वाचं नाव, दुसऱ्यात ते कशातून मिळतं, आणि तिसऱ्यात त्याच्या अभावाने होणारा विकार. अ म्हणजे रातांधळेपणा, ब-१ म्हणजे बेरीबेरी, क म्हणजे स्कर्व्ही, ड म्हणजे मुडदूस. घटक चाचणीत जोड्या लावा यायचं, त्यामुळे सगळ्यांचं तोंडपाठ. पण तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘अभाव’ हा शब्द होता, तो आपण कधी नीट वाचला नाही. गाजर खाऊन रातांधळेपणा बरा होतो तो अ जीवनसत्त्व कमी असलेल्याचा. ज्याला ते पुरेसं मिळतंय त्याने दुप्पट गाजरं खाल्ली म्हणून त्याला अंधारात दिसू लागत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर कॉम्प्युटर हळू चालतोय तो रॅम कमी आहे म्हणून असेल, तर रॅम वाढवून फरक पडतो. दुखणं दुसरीकडेच असेल, तर रॅम वाढवून फक्त बिल वाढतं.

शरीराच्या बाबतीत बिलापेक्षाही जास्त काही वाढू शकतं. ते समजून घ्यायला मुंबईतली एक जुनी गोष्ट सांगते.

परळला टाटा हॉस्पिटल आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी कुणा ना कुणासाठी पाहिलं आहे. तिथून जवळच हाफकिन संस्था आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरोदर बायकांना, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना, एक जीवघेणा पंडुरोग व्हायचा. विल्सबाईंनी त्यांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा अर्क दिला की या बायका भराभर सुधारतात हे दाखवलं. हा यीस्टचा अर्क म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो स्वस्तातला मार्माइट. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला तो गुणकारी पदार्थ पुढे वेगळा काढला गेला, तेच आजचं फॉलिक ॲसिड. आपण आयांनी गरोदरपणात घेतलेली ती छोटी गोळी.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. १९४०च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करत होते. फॉलिक ॲसिडच्या गटातली रसायनं त्यांनी मुलांना देऊन पाहिली, तर आजार जोरात वाढला. पेशीला नवी पेशी घडवायला फॉलिक ॲसिड लागतं, आणि कॅन्सरची पेशी तर सतत तेच करत असते. मग त्यांनी उलटा विचार केला. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण त्याचं काम न करणारी रसायनं तयार केली होती. पेशी फसते, ते रसायन उचलते आणि तिची वाढ अडते. १९४८ साली फार्बर यांनी या औषधाने मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या कीमोमध्ये अनेक वर्षं वापरलं गेलं.

म्हणजे बघा. ज्या जीवनसत्त्वाने गिरणीतल्या बायकांचा जीव वाचवला, तेच जीवनसत्त्व पेशीला मिळू न देणं हा कॅन्सरवरचा एक उपचार ठरला. जीवनसत्त्व आपली पेशी आणि वैऱ्याची पेशी असा भेद करत नाही. ज्या बाईच्या अंगात ते कमी आहे तिला ते औषध आहे. ज्या बाईच्या अंगात ते कमी नाही तिला ‘घेऊन बघ, नुकसान तर काही नाही’ असं म्हणता येत नाही.

माझी शीट भरून झाली. सतरा ओळींपैकी पंधरा ओळींत तो रकाना रिकामा होता. ती घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. ओपीडीत बाहेर गर्दी असतानाही त्यांनी ती ओळीने वाचली आणि एकेका नावावर पेन्सिलीने फुली मारत गेले. प्रत्येक फुलीमागे काय कारण आहे ते नंतर मी वेळ काढून वाचलं. त्यातली चारपाच कारणं तुम्हाला सांगते, कारण यातल्या काही वस्तू आज या सभागृहातल्या पर्समध्येही असतील.

पहिली व्हिटॅमिन सी, ई यांसारखी अँटिऑक्सिडंट. रेडिएशन आणि काही कीमोची औषधं कॅन्सरच्या पेशीत ऑक्सिडेशन घडवून तिला मारतात. तेव्हाच बाहेरून भरमसाट अँटिऑक्सिडंट दिली तर त्या पेशीलाच संरक्षण मिळेल, अशी डॉक्टरांना शंका आहे. अमेरिकेतल्या एका पाहणीत स्तनाच्या कॅन्सरसाठी कीमो घेणाऱ्या १,१३४ रुग्णांना त्यांच्या गोळ्यांबद्दल विचारलं होतं. २०१९च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. कीमोआधी आणि कीमोच्या काळात अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. घेणाऱ्या बायका थोड्या होत्या, म्हणून हा पक्का पुरावा नव्हे, पण जपून राहा, असं संशोधकांनी म्हटलं. साध्या रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने मात्र फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही.

याहून पक्का धडा फिनलंडचा आहे. तिथे विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई दिलं. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तर बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. गाजरातलं बीटा-कॅरोटीन वेगळं आणि गोळीतली मात्रा वेगळी, हे तेव्हा जगाला कळलं.

दुसरी वस्तू मुंग्यांवरची. कीमोनंतर माझ्या बोटांची टोकं बधिर झाली होती. माझं पोट कीबोर्डवर चालतं, तेव्हा माझी काळजी तुम्हाला कळेल. सतरा नगांत ‘नसांसाठी’ म्हणून एक गोळी होती, तिच्यात असेटिल-एल-कार्निटीन होतं. नेमक्या याच गोळीची चाचणी झालेली आहे. स्तनाच्या कॅन्सरची कीमो घेणाऱ्या ४०९ स्त्रियांपैकी काहींना ही गोळी आणि काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी दिली. २०१३ साली निकाल आला. चोवीस आठवड्यांनी खरी गोळी घेणाऱ्यांच्या मुंग्या जास्त होत्या. मुंग्या थांबवायला घ्यायची ती वस्तू मुंग्या वाढवत होती, आणि चाचणी झाली नसती तर हे कुणालाच कळलं नसतं, कारण प्रत्येक बाई हेच म्हणाली असती की कीमोमुळे होतंय.

तिसरी हळद. भाजीतल्या हळदीला कुणी हात लावत नाहीये, नाहीतर आई मला घरात घेणार नाही. कॅप्सूलमध्ये हळदीतलं कर्क्युमिन मोठ्या प्रमाणात असतं, आणि ते अंगी लागावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. हा अर्क यकृताच्या कामात ढवळाढवळ करतो. मी घेते ते टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर त्याचं एन्डॉक्सिफेन होतं आणि खरं काम ते करतं. २०१९ साली नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि मिऱ्याचा अर्क एकत्र घेतल्यावर रक्तातलं एन्डॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. आजार परत येऊ नये म्हणून मी रोज जी गोळी घेते, तिलाच धक्का. एका प्रोग्रामने दुसऱ्याची फाइल बदलावी तसं हे आहे, आणि कुठलीही एरर दिसत नाही.

चौथं बायोटिन, केसांचं. प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्यांमध्ये बायोटिन हेच रसायन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला. ज्या बाईचं आयुष्य सहा महिन्यांच्या रिपोर्टांवर उभं आहे, तिने मोजपट्टीच बिघडवून कसं चालेल?

आता ज्या दोन ओळींवर फुली पडली नाही त्यांच्याविषयी. माझं बी-१२ तपासणीत कमी आलं होतं. आपण शाकाहारी घरातले बरेच जण यात सापडतो. ड जीवनसत्त्वही कमी होतं. नाशिकच्या उन्हात वाढून ड कमी कसं, असं बाबांनी विचारलं. दिवसभर एसीत बसल्यावर ऊन खिडकीबाहेरच राहतं. ही दोन्ही डॉक्टरांनी मात्रा आणि मुदत लिहून दिली, आणि मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी केली. इथे एक सांगते. मघाच्या अमेरिकेतल्या पाहणीत कीमोच्या काळात बी-१२ घेणाऱ्यांचेही निकाल वाईट दिसले होते. हे ऐकून उद्या कुणी आपलं बी-१२ परस्पर बंद करू नका. कमतरता असलेल्याला ते हवंच असतं. कधी आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या सर्रास मिळतात. त्या बहुधा आठवड्यातून एक अशा घ्यायच्या असतात. औषधाच्या चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून’ वाचायचं राहून गेलं आणि रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं अडचणीत येतात. बाईंनी शिकवलं होतं की अ, ड, ई, के ही मेदात विरघळणारी, म्हणजे जास्त झाली तर सहज लघवीवाटे जात नाहीत, साठतात. एका मार्काचा प्रश्न होता तो.

पाळी गेलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनऐवजी बहुधा लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या देतात. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून अशा स्त्रियांना हाडांची तपासणी करून कॅल्शियम आणि ड देण्याला खरा अर्थ असतो. पण हाडं सांभाळणारं ड कॅन्सरही रोखतं का? अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ हे तपासलं. नवे कॅन्सर कमी झाले नाहीत.

तुम्ही म्हणाल, परदेशातलंच सांगतेस. तर आपल्या जवळचं सांगते. फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या ग्रुपवर एक बातमी एका दिवसात सहा जणांनी टाकली होती: टाटाची शंभर रुपयांची गोळी, कॅन्सर पुन्हा होऊ देणार नाही. त्यात रेझ्वेराट्रॉल आणि तांबं होतं. रेझ्वेराट्रॉल काळ्या द्राक्षांच्या सालीत असतं, आणि आपण तर द्राक्षांच्या गावचे, त्यामुळे ग्रुपवर द्राक्षबागांचे फोटोही आले. टाटातल्या संशोधकांनी मांडलेली कल्पना विचार करण्याजोगी आहे. मरणाऱ्या कॅन्सरपेशींचे तुकडे निरोगी पेशींत शिरून नुकसान करतात, त्या तुकड्यांना हे मिश्रण निकामी करतं, अशी ती कल्पना. पण टाटाच्या डॉक्टरांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितलं होतं की दुष्परिणाम कमी होतात का, हे माणसांवर पाहिलं आहे, पण कॅन्सर परत येणं टळतं का, हे फक्त उंदरांवर पाहिलं आहे, माणसांवरच्या चाचण्यांना पाच वर्षं लागतील. बातमी पुढे ढकलताना हे दुसरं वाक्य गळून पडलं. आणि द्राक्षांवरून कुणी वाइनकडे वळत असेल तर तेही सांगते. मद्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ते कुठल्याही द्राक्षाचं असो.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने का सांगते आहे? माझ्याकडे पगार आहे, विमा आहे, वाचायला इंटरनेट आहे. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसायच्या त्या बाई निफाडकडच्या खेड्यातून एसटीने यायच्या. मुलाने उसनवारी करून आईसाठी पावडरचा डबा आणला होता, महिन्याला सात हजारांचा. आणि त्याच महिन्यात तपासणीला यायचं त्यांनी पुढे ढकललं होतं, कारण गाडीभाड्याला पैसे उरले नव्हते. त्या मला डब्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायला सांगत होत्या. आत दूध पावडरीतलं प्रथिन, साखर आणि थोडी जीवनसत्त्वं होती. त्यांच्या शेंगदाण्याच्या कुटात आणि उसळीत याहून कमी काही नव्हतं. मुलाचं प्रेम खरं होतं, विकणाऱ्याला ते नेमकं ठाऊक होतं.

मग उपचारांनंतरचे दिवस बरे जावेत यासाठी करायचं तरी काय? डॉक्टर ज्याला ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणतात ते मोजता येतं, हे मला या आजारात कळलं. युरोपातल्या संशोधकांनी १९९३ साली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती मराठीतही आहे. थकवा किती, झोप कशी, भूक लागते का, घरच्यांत मिसळता येतं का, पैशांची ओढाताण किती, असे प्रश्न. शेवटच्या दोन प्रश्नांना एक ते सात गुण द्यायचे, एक तब्येतीला आणि एक एकूण जगण्याला. मी महिन्यातून एकदा ती भरते. सुरुवातीला शेवटच्या प्रश्नाला तीन लिहीत होते. आता सहा लिहिते. ते तीन आकडे कुठल्याही बाटलीने वाढवलेले नाहीत.

ते वाढले चालण्याने. डॉक्टरांनी मला आठवड्यातून तीनदा तरी अर्धा तास भरभर चालायला आणि दोनदा ताकदीचे व्यायाम करायला सांगितलं. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून थकवा, निराशा आणि जगण्याचा दर्जा यांसाठी एवढंच प्रमाण सांगितलं आहे. थकलेल्या माणसाला चाल म्हणणं क्रूर वाटतं. पहिल्या दिवशी मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाव फेरी मारून बाकावर बसले. सहा महिन्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. टाटामध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी झाली, तिचे निकाल डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या परिषदेत मांडले गेले. उपचारांच्या जोडीला, त्या त्या अवस्थेला झेपेल असा योग शिकवलेल्या स्त्रियांत आजार न उलटता जगण्याचं प्रमाण तुलनेने १५ टक्के सुधारलेलं दिसलं. उपचारांच्या जोडीला, हे शब्द कृपा करून गाळू नका.

बाकी प्रत्येक त्रासाला त्याच्या नावाने हाक मारायची. ‘कसंतरी होतंय’ याला उपाय नसतो. हात सुजतो, याला फिजिओथेरपिस्ट आहे. रात्री घामाने झोप मोडते, याला टॅमॉक्सिफेनशी जुळणारं औषध आहे. धास्ती वाटते, याला समुपदेशक आहे. मुंग्यांसाठी मला बोटांचे व्यायाम मिळाले, आणि हळूहळू त्या इतक्या कमी झाल्या की आज टाइप करताना आठवतही नाहीत. डॉक्टरांकडे जाताना मी त्रासांची यादी लिहून नेते, सर्वांत नकोसा त्रास सर्वांत वर. पाच मिनिटांत काम होतं.

तुमच्याकडे तीन मागण्या करते आणि थांबते.

पहिली, आपल्यातल्या कुणाला किंवा कुणाच्या आई-बायको-बहिणीला हा आजार झाला, तर बाटली पाठवू नका. डबा पाठवा. हॉस्पिटलला गाडीने सोडा, रांगेत नंबर लावा, मुलांना चार तास सांभाळा, चालायला सोबत या. माझ्या कीमोच्या दिवसांत या सभागृहात बसलेल्या तिघी वाटून घेऊन दर मंगळवारी मऊ भात आणि मुगाचं वरण आणायच्या. त्या वरणात किती मिलिग्रॅम काय होतं ते मी कुठल्याच शीटमध्ये लिहिलेलं नाही.

दुसरी, तुमच्या घरात कुणी उपचार घेत असेल तर घरातली प्रत्येक गोळी, कॅप्सूल, काढा आणि पावडर एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. ते रागावतील म्हणून लपवू नका. सर, हे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू आहे. तुमच्या खिशातली डबी मघाशी मी पाहिली.

तिसरी माझ्या मैत्रिणींना. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने वीस वर्षं एक अभ्यास केला, दीड लाख स्त्रियांचा. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करत. यंत्र नाही, काही नाही. २०२१ साली निकाल आला तो असा की पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. आपण सगळ्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया लहान, औषधं कमी आणि नंतरचं आयुष्यही जास्त चांगलं. कॅल्शियमच्या गोळीची आठवण ठेवता, तशी या तपासणीची तारीख ठेवा.

जे आज मुक्कामाला आहेत त्यांच्यासाठी सूचना: उद्या सकाळी साडेसहाला गोल्फ क्लबच्या फाटकाशी मी उभी असेन. दोन फेऱ्या, मग मिसळ. पीटीच्या सरांनी शिट्टी आणावी, अशी विनंती आहे.